ॲप उघडताच बंद पडतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज या भागातून पहिलंच अँड्रॉइड ॲप करणाऱ्यांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं अँड्रॉइड स्टुडिओ आणि कोटलिन धरून दिली आहेत. जावात काम करणाऱ्यांनाही याच चुका भेटतात, फक्त 'नल'च्या, म्हणजे किंमतच नसलेल्या गोष्टींच्या, जरा जास्त. उदाहरणाला सगळीकडे एकच ॲप घेतलं आहे: गावच्या दूध संस्थेचं संकलन. सभासद नंबर, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) टाकायचं, दर निघतो, दहा दिवसांचं बिल तयार होतं.

१. ॲप उघडलं की लगेच बंद होतं. बघायचं कुठे?

लॉगकॅटमध्ये, म्हणजे ॲप चालताना फोन लिहीत जातो त्या नोंदींत. कोड बदलण्याआधी, गूगल करण्याआधी, प्रोजेक्ट नव्यानं बनवण्याआधी. फोन केबलनं जोडा, स्टुडिओत खालच्या बाजूचं लॉगकॅट उघडा, आधीच्या ओळी पुसा आणि ॲप पुन्हा चालवून मुद्दाम पडू द्या. लाल अक्षरांत 'फेटल एक्सेप्शन: मेन' असं काहीतरी येईल आणि त्याखाली ओळींची उतरंड लागेल.

ही उतरंड वरून खाली वाचत बसू नका. सगळ्यात शेवटचं 'कॉज्ड बाय' शोधा, खरं कारण तिथे असतं. त्याच्याखाली तुमच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ गाठा. ती निळी दिसते आणि शेवटी फाइलचं नाव, कोलन, ओळीचा आकडा असतो. त्यावर क्लिक केलं की कर्सर थेट त्या ओळीवर जातो. मधल्या अँड्रॉइडच्या आणि जावाच्या आतल्या ओळी सोडून द्या, तिथे तुम्हाला दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

समजा 'कॉज्ड बाय'पुढे 'नंबर फॉरमॅट एक्सेप्शन: एम्प्टी स्ट्रिंग' आहे आणि खाली मेन ॲक्टिव्हिटीची (पहिल्या पडद्याच्या कोडची) ४२वी ओळ दिसते. ४२व्या ओळीवर फॅटच्या चौकटीतला मजकूर आकड्यात बदलला जातोय. म्हणजे फॅट न भरता बटण दाबलं गेलं. इतकं कळायला अर्धा मिनिट पुरतं.

२. लॉगकॅटमध्ये एक तर हजारो ओळी पळतात, नाही तर काहीच येत नाही.

हजारो ओळी असतील तर शोधाच्या चौकटीत 'पॅकेज कोलन माइन' हा फिल्टर लावा, म्हणजे फक्त तुमच्या ॲपच्या ओळी उरतात. पुढे 'लेव्हल कोलन एरर' जोडलं की आणखी गाळून येतं.

काहीच येत नसेल तर वरच्या यादीत तुमचाच फोन निवडलाय का बघा. बऱ्याचदा तिथे बंद असलेला एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) निवडलेला असतो. फोन यादीतच नसेल तर सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, यूएसबी डिबगिंग चालू करा आणि फोनवर येणारी परवानगी मान्य करा. तरीही नसेल तर केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही, आणि बाहेरून ती अगदी तशीच दिसते.

३. 'नल पॉइंटर एक्सेप्शन' येतंय, पण बटण तर लेआउटमध्ये आहे!

आहे, पण कोणत्या लेआउटमध्ये, म्हणजे पडद्याच्या मांडणीच्या कोणत्या फाइलमध्ये? तीन कारणं नेहमीची. एक, 'सेट कंटेंट व्ह्यू'च्या आधीच 'फाइंड व्ह्यू बाय आयडी' लिहिलंय. पडदा मांडलेलाच नाही, बटण सापडणार कुठून? दोन, दुसऱ्या पडद्याच्या लेआउटमधला आयडी पहिल्या पडद्यावर शोधताय. स्टुडिओ आयडीची नावं सगळ्या लेआउटमधून सुचवतो, त्यामुळे कोड लाल होत नाही आणि ॲप चालवल्यावरच आपटतं. तीन, आडव्या पडद्यासाठी वेगळं लेआउट केलंय आणि त्यात ते बटण ठेवायचं राहिलंय.

यावर पक्का इलाज व्ह्यू बाइंडिंग. ग्रेडल फाइलमध्ये (प्रोजेक्टच्या बिल्डच्या सेटिंगमध्ये) ते चालू केलं की पहिल्या दोन चुका करताच येत नाहीत, आणि तिसरीत ते बटण 'नल' असू शकतं हे कंपायलर आधीच सांगतो. जेटपॅक कंपोज (लेआउट फाइलऐवजी कोटलिनमध्येच पडदा लिहायची पद्धत) वापरणाऱ्यांना हा प्रश्न येतच नाही.

याच घरातला भाऊ म्हणजे 'लेट इनिट प्रॉपर्टी हॅज नॉट बीन इनिशियलाइज्ड'. नंतर भरतो असं सांगितलेली गोष्ट भरण्याआधीच वापरली गेली. संदेशात त्या व्हेरिएबलचं नाव येतं. ते कुठे भरलंय ते शोधा. बहुतेक वेळा ती ओळ एखाद्या 'इफ'च्या आत अडकलेली सापडते.

४. पहिला पडदा चालतो. 'बिल बघा' दाबलं की ॲप उडतं.

'ॲक्टिव्हिटी नॉट फाउंड एक्सेप्शन' असेल तर नवी ॲक्टिव्हिटी मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदणीच्या फाइलमध्ये, नोंदवलेली नाही. स्टुडिओच्या 'न्यू' मेनूतून ॲक्टिव्हिटी केली की नोंद आपोआप होते. मित्राकडून किंवा चॅटबॉटकडून कोड आणून नुसती क्लासची फाइल चिकटवली की होत नाही. चिकटवलेल्या कोडमुळे येणाऱ्या तक्रारींत ही पहिल्या नंबरला.

'यू नीड टू यूज अ थीम ॲपकॉम्पॅट थीम' असा संदेश असेल तर ॲक्टिव्हिटी ॲपकॉम्पॅटची आहे आणि मॅनिफेस्टमधली थीम दुसऱ्याच कुळातली. थीमचा मूळ वंश ॲपकॉम्पॅट किंवा मटेरियल कंपोनंट्सचा करा.

बिल व्हॉट्सॲपवर पाठवताना हीच 'ॲक्टिव्हिटी नॉट फाउंड' येत असेल तर ज्या फोनवर ॲप चालतंय त्यावर व्हॉट्सॲप नाही. ते एक ॲप ठरवून उघडण्यापेक्षा शेअरची सर्वसाधारण यादी उघडा.

५. चौकट रिकामी ठेवून 'जतन करा' दाबलं की क्रॅश.

मजकुराचा आकडा करताना 'टू डबल' वापरलंय. त्याला रिकामी चौकट चालत नाही, '६..५' चालत नाही, '६,५' चालत नाही. त्याऐवजी 'टू डबल ऑर नल' वापरा. आकडा निघाला नाही तर 'नल' मिळतं, आणि मग त्या चौकटीखाली 'फॅट भरा' असं दाखवून तिथेच थांबता येतं.

'नल' आलं तर शून्य धरा, असं मात्र लिहू नका. क्रॅश जाईल, पण सभासदाच्या नावावर शून्य फॅटचं दूध चढेल आणि ते कळेल दहा दिवसांनी, बिल वाटताना.

६. माझ्या फोनवर व्यवस्थित चालतं. काकांचा फोन मराठीत आहे, तिथे मात्र फॅट जतन करताना क्रॅश होतं. का?

हा प्रश्न आपल्याकडे जास्त येतो आणि इंग्रजी व्हिडिओंत याचं उत्तर सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

तुम्ही कुठेतरी फॅट दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवायला 'फॉरमॅट' वापरलंय. भाषा सांगितली नाही तर ते फोनची भाषा धरतं. अँड्रॉइडमध्ये मराठीसाठी मूळ अंक देवनागरी आहेत, त्यामुळे चौकटीत '६.५०' देवनागरीत येतं. हिंदीसाठी मूळ अंक इंग्रजी पद्धतीचे आहेत, म्हणून हिंदीत ठेवलेल्या फोनवर हीच चूक दिसत नाही आणि डोकं आणखी चक्रावतं.

पुढे तीच चौकट वाचून 'टू डबल' केलं की 'नंबर फॉरमॅट एक्सेप्शन' येतं, कारण दशांशाचा आकडा वाचणाऱ्या त्या कोडला देवनागरी अंक समजत नाहीत. गंमत म्हणजे 'टू इंट'ला समजतात. म्हणून सभासद नंबर बिनतक्रार जतन होतो आणि फॅटवर येऊन गाडी अडते.

उपाय असा. हिशेबाचा आकडा 'डबल' म्हणूनच जवळ ठेवा. दाखवण्यासाठी मजकूर केला तर तोच मजकूर परत वाचून हिशेब करू नका. यंत्रासाठी म्हणजे डेटाबेस, फाइल किंवा सर्व्हरसाठी मजकूर करत असाल तर फॉरमॅटला 'लोकेल डॉट यूएस' (अमेरिकन इंग्रजीची पद्धत) स्पष्ट द्या. माणसाला दाखवायचा मजकूर खुशाल मराठी अंकांत ठेवा. आणि वापरणाऱ्यानं चौकटीत देवनागरी अंक टाकण्याची शक्यता असेल, तर वाचताना एकेक अक्षर तपासून अंकाचं इंग्रजी रूप करून घ्या आणि मगच 'टू डबल ऑर नल' लावा.

याची दोन भावंडंही ओळखून ठेवा. एसक्यूएलची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, फॉरमॅटनं जोडून बनवली असेल तर मराठी फोनवर 'नो सच कॉलम: १२' असा चक्रावणारा संदेश येतो. एसक्यूलाइट या फोनमधल्या डेटाबेसला देवनागरी १२ हा आकडा न वाटता कॉलमचं नाव वाटतं. क्वेरीत प्रश्नचिन्ह ठेवून किंमत वेगळी द्या. दुसरं भावंड तारखेचं. 'सिम्पल डेट फॉरमॅट'लाही भाषा दिली नाही तर तारीख देवनागरी अंकांत साठते. दरम्यान कुणी फोनची भाषा बदलली की अर्ध्या नोंदी एका अंकांत, अर्ध्या दुसऱ्या. ॲप पडत नाही, पण बिलातून काही दिवसांचं दूध गायब होतं. आपल्या मते हे क्रॅशपेक्षा वाईट.

तपासणी सोपी आहे. ॲप कुणाला देण्याआधी स्वतःच्या फोनची भाषा मराठी करून एकदा सगळे पडदे फिरा.

७. 'रिसोर्सेस नॉट फाउंड, स्ट्रिंग रिसोर्स आयडी' असं येतं आणि पुढे विचित्र आकडा.

'सेट टेक्स्ट'ला पूर्णांक दिलाय. अँड्रॉइडला तो दाखवायचा आकडा वाटत नाही, स्ट्रिंग्ज फाइलमधल्या मजकुराचा आयडी वाटतो. सहा लिटर दाखवायला गेलात की तो सहा नंबरचा मजकूर शोधतो आणि सापडत नाही म्हणून पडतो. आकड्याला 'टू स्ट्रिंग' लावा.

८. एम्युलेटरवर चालतं, खऱ्या फोनवर पहिल्या पडद्यालाच पडतं.

फोन मराठीत असेल तर आधी प्रश्न ६ पाहा. नसेल तर चित्रांवर संशय घ्या.

समजा रंकाळ्यावर काढलेला २००० बाय १५०० पिक्सेलचा फोटो पहिल्या पडद्याला पार्श्वभूमी म्हणून 'ड्रॉएबल' फोल्डरमध्ये टाकला. फाइल जेमतेम ४०० केबीची, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण मेमरीत फाइलचा आकार मोजत नाहीत, पिक्सेल मोजतात आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. त्यात नुसत्या 'ड्रॉएबल'मधलं चित्र १६० डीपीआयचं (इंचाला १६० ठिपके) धरलं जातं. ४८० डीपीआयच्या फोनवर ते प्रत्येक बाजूनं तिप्पट होतं: ६००० बाय ४५००, म्हणजे २ कोटी ७० लाख पिक्सेल, म्हणजे १० कोटी ८० लाख बाइट. एक बिटमॅप रंगवायची मर्यादा सहसा १०० एमबी, म्हणजे सुमारे १० कोटी ४८ लाख बाइट. झालं, 'कॅनव्हास: ट्राइंग टू ड्रॉ टू लार्ज बिटमॅप'. एम्युलेटर ३२० डीपीआयचा असेल तर तेच चित्र फक्त दुप्पट होतं आणि ४ कोटी ८० लाखांत बसतं.

चित्र 'ड्रॉएबल नो डीपीआय' फोल्डरमध्ये हलवा म्हणजे ते फुगत नाही, आणि रुंदी १०८० पिक्सेलच्या आसपास आणा.

सभासदांच्या पासबुकाचे कॅमेऱ्यानं काढलेले फोटो यादीत दाखवताना 'आउट ऑफ मेमरी' येत असेल तर हिशेब तोच. ४००० बाय ३००० चा एक फोटो ४ कोटी ८० लाख बाइट खातो. दहा फोटो एकदम उघडले तर साधा फोन हात टेकतो. 'इन सॅम्पल साइज' ४ दिलं तर दोन्ही बाजू चौथाई होतात आणि मेमरी सोळाव्या भागावर येते, सुमारे ३० लाख बाइट. कॉइल किंवा ग्लाइड लायब्ररी वापरली तर हे तीच सांभाळते. नवख्यानं तेच करावं.

९. इंटरनेटवरून दर आणताना क्रॅश होतं.

संदेशावरून ओळखा. 'सिक्युरिटी एक्सेप्शन' आणि त्यात इंटरनेटचा उल्लेख असेल तर मॅनिफेस्टमध्ये इंटरनेटची परवानगी लिहायची राहिलीय. 'नेटवर्क ऑन मेन थ्रेड' असेल तर पडदा सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवरच नेटचं काम लावलंय. ते कोरुटीनमध्ये (काम मागच्या बाजूला चालवायची कोटलिनची सोय) 'डिस्पॅचर्स आयओ'वर न्या. उत्तर आल्यावर पडद्यावर लिहायला पुन्हा मुख्य थ्रेडवर यायला विसरू नका, नाहीतर 'ओन्ली द ओरिजिनल थ्रेड' म्हणून ॲप परत पडेल. 'क्लिअर टेक्स्ट नॉट परमिटेड' असेल तर पत्ता साध्या एचटीटीपीचा आहे. अँड्रॉइड ९ पासून तो मुळात बंद असतो, एचटीटीपीएस वापरा.

लॅपटॉपवरच सर्व्हर चालवत असाल तर 'लोकलहोस्ट' म्हणजे फोनसाठी फोन स्वतःच. एम्युलेटरमधून लॅपटॉपचा पत्ता १०.०.२.२ असतो. खऱ्या फोनवर दोघं एकाच वायफायला जोडा आणि लॅपटॉपचा आयपी द्या.

आणि हे सगळं जमलं तरी राधानगरीच्या आतल्या गावात रेंज जाणारच. तिथे 'आयओ एक्सेप्शन' पकडलं नसेल तर ॲप पडतं. पकडा आणि शेवटचा साठवलेला दर तारखेसह दाखवा.

१०. फोन आडवा केला की क्रॅश, किंवा भरलेलं सगळं जातं.

फोन फिरवला की अँड्रॉइड ॲक्टिव्हिटी मोडून नव्यानं उभी करतो. व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं सगळं पुसलं जातं आणि त्यावर विसंबलेला कोड पडतो. पडद्याचा डेटा व्ह्यू मॉडेलमध्ये ठेवा, तो फोन फिरवल्यावरही टिकतो. पडदा उभाच राहील अशी सक्ती करून हा प्रश्न झाकता येतो, पण फोनची भाषा किंवा डार्क मोड बदलला तरी हेच घडतं.

व्ह्यू मॉडेलसुद्धा एका बाबतीत पुरत नाही. दूध घेता घेता फोन आला, बोलणं लांबलं, तेवढ्यात मेमरी कमी पडली म्हणून अँड्रॉइडनं ॲपची प्रक्रियाच संपवली. परत आल्यावर पडदा तोच दिसतो, आत सगळं रिकामं. अर्धवट भरलेल्या चौकटींसाठी 'सेव्ह्ड स्टेट हँडल' वापरा आणि घेतलेली नोंद लगेच डेटाबेसमध्ये टाका. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू केलं की दुसऱ्या ॲपवर जाऊन येताच ॲक्टिव्हिटी मोडलेली मिळते. आतल्या चुका पटकन दिसतात. तपासून झाल्यावर ते बंद करा, नाहीतर महिनाभर भुतं शोधत बसाल.

११. टेबलमध्ये एसएनएफचा कॉलम वाढवला, तेव्हापासून ॲप उघडत नाही.

रूम ही डेटाबेसची लायब्ररी वापरत असाल तर 'कॅनॉट व्हेरिफाय द डेटा इंटिग्रिटी' आलं असेल. टेबल बदललं पण डेटाबेसची आवृत्ती वाढवली नाही. १ ची २ करा. लगेच दुसरा संदेश येईल, १ वरून २ वर जायचं मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत नेणारा कोड) सापडलं नाही म्हणून. मायग्रेशनमध्ये कॉलम जोडणारी एक ओळ लिहा आणि जुन्या नोंदींसाठी डीफॉल्ट किंमत द्या.

'फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन' हा शॉर्टकट सगळीकडे सुचवला जातो. तो जुना डेटा पुसून टाकतो. कॉलेजच्या प्रोजेक्टला चालेल. संस्थेत एकदा जरी खरं संकलन नोंदवलं असेल तर हात लावू नका.

१२. ॲप काढून परत टाकलं, तरी जुना डेटा आणि जुना क्रॅश परत आला. असं कसं?

ऑटो बॅकअप. अँड्रॉइड ६ पासून ॲपचा डेटा, २५ एमबीपर्यंत, गूगल खात्यावर जाऊ शकतो आणि ॲप परत टाकलं की मागच्या दारानं आत येतो. मॅनिफेस्टमध्ये 'अलाऊ बॅकअप' 'फॉल्स' करून बघा, किंवा ॲप न काढता सेटिंगमधून त्याचं स्टोरेज पुसा.

१३. सगळ्या कोडला ट्राय-कॅच लावलं तर?

ॲप पडणार नाही, आणि का चुकतंय तेही कधी कळणार नाही. रिकामा 'कॅच' म्हणजे तराजूचा काटा बांधून ठेवून माप घेणं. जिथे चूक तुमच्या हाताबाहेर आहे, म्हणजे नेट, फाइल, ब्लूटूथचा काटा, तिथे नेमकं तेच एक्सेप्शन पकडा आणि वापरणाऱ्याला काय झालं ते सांगा. 'नल' आणि 'इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स' पकडायचे नसतात, दुरुस्त करायचे असतात.

१४. स्टुडिओतून चालवलं की ठीक. एपीके बनवून पाठवलं की मित्राच्या फोनवर पडतं.

मित्राचा अँड्रॉइड जुना आहे का ते आधी विचारा. अँड्रॉइड ७ किंवा त्याहून जुन्या फोनवर 'लोकल डेट' क्लासच नसतो. तो ८ मध्ये आला. ग्रेडलमध्ये 'कोअर लायब्ररी डीशुगरिंग' चालू करा. उलट फोन अँड्रॉइड १२ किंवा पुढचा असेल, ॲपचं टार्गेट ३१ (म्हणजे अँड्रॉइड १२) किंवा वर असेल आणि नोटिफिकेशनच्या वेळी पडत असेल, तर 'पेंडिंग इंटेंट'ला 'इम्म्युटेबल' किंवा 'म्युटेबल' झेंडा लावायचा राहिलाय.

फोन सारखाच असेल तर रिलीज बिल्डमधला आर-८ (कोड आकसून लहान करणारं साधन) तपासा. 'मिनिफाय' चालू असलं की तो न लागणारा कोड काढतो आणि उरलेल्याची नावं छोटी करतो. जीसॉननं (जेसॉन मजकूर वाचणाऱ्या लायब्ररीनं) भरले जाणारे क्लास नावावर चालतात. नाव बदललं की आकडे 'नल' येतात. त्या डेटा क्लासना 'कीप'चा नियम लावा. रिलीज बिल्डच्या क्रॅशमध्ये ए, बी, सी अशी नावं दिसली तर त्या बिल्डची 'मॅपिंग' टेक्स्ट फाइल लागते. म्हणून प्रत्येक पाठवलेल्या एपीकेबरोबर ती जपून ठेवा.

१५. ॲप बंद होत नाही, नुसतं गोठतं आणि 'थांबायचं का' विचारतं.

हा क्रॅश नव्हे, एएनआर, म्हणजे 'ॲप्लिकेशन नॉट रिस्पॉन्डिंग'. स्पर्श केल्यावर ५ सेकंदांत मुख्य थ्रेडनं दाद दिली नाही की ही खिडकी येते. बहुधा दहा दिवसांच्या बिलाची बेरीज किंवा पीडीएफ मुख्य थ्रेडवर चाललीय. प्रश्न ९ मधला कोरुटीनचा उपाय इथेही लागू.

१६. इतकं करूनही सुटलं नाही. मदत मागताना काय पाठवू?

फोनच्या पडद्याचा, 'ॲप थांबलं' अशा खिडकीचा फोटो नको. त्यातून काहीच कळत नाही. लॉगकॅटमधला 'फेटल एक्सेप्शन'पासून शेवटच्या 'कॉज्ड बाय'खालच्या ओळींपर्यंतचा मजकूर कॉपी करून पाठवा, स्क्रीनशॉट काढून नव्हे. सोबत त्या ओळीच्या वरचा-खालचा दहा-दहा ओळींचा कोड, फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, फोनची भाषा, आणि कोणतं बटण दाबल्यावर पडलं ते. शेवटचं चाललं तेव्हापासून काय बदललं तेही लिहा. 'काहीच बदललं नाही' असं लिहिण्याआधी एकदा गिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदीत) बघून घ्या. मजकुरात सभासदांची नावं, मोबाइल किंवा बँक खात्यांचे नंबर आले असतील तर पाठवण्याआधी खोडा.